इनामगावची मृत्पात्रे व गृहसजावट

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन कुंभारकाम आणि आजच्या घरसजावटीतील त्याचे स्थान. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी हे त्यातील प्रमुख संशोधक. वस्तीचा काळ सुमारे इ. स. पू. 1600 ते 700.

येथील जोर्वे नावाने ओळखली जाणारी भांडी चाकावर घडवलेली, पातळ आणि चांगली भाजलेली असून, टिचकी मारल्यास धातूसारखी खणखणतात. तांबड्या लेपावर काळ्या रंगात तिरप्या रेषा, जाळी, चौकटी काढलेल्या. नक्षी मोजकी, बाकी अंग मोकळे. तोटीची भांडी आणि मध्यावर कंगोरा असलेले वाडगे हे खास आकार. कुंभाराची भट्टीही सापडली. धान्याच्या कणग्यांसाठी घरात मातीचे गोल ओटे होते. मृत बालकांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीत पुरत. घर आणि मडके यांचे नाते इतके जवळचे होते.

आफ्रिकेतील झुलू लोकांचे बिअरचे काळे मडके, उखांबा, आज शहरी दिवाणखान्यांत शोभेसाठी मांडले जाते. जोर्वे तोटीपात्राची डौलदार बाह्यरेषा तशाच मानाला पात्र आहे. सजावटीसाठी मात्र आजच्या कुंभाराकडून घडवलेली प्रतिकृतीच घ्यावी. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावरची खापरे जागची हलवू नयेत. मूळ भांडी पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पाहता येतात.