सुरावटीला कॉर्डची साथ

सुरावटीच्या सोबतीला तिच्याशी जुळणारे स्वरसमूह एकाच वेळी वाजवणे, या क्रियेला पाश्चात्त्य संगीतात 'हार्मनायझेशन' म्हणतात. भारतीय संगीतात चालीला तानपुऱ्याच्या अखंड षड्जाचा आधार असतो. पाश्चात्त्य संगीतात हा आधार स्वतःच जागा बदलत राहतो. गिटार वा कीबोर्ड शिकू लागलेल्याला चाल लवकर साधते, परंतु तिच्याखाली कोणती कॉर्ड घ्यावी यासाठी तो दुसऱ्याने लिहून दिलेल्या कागदावर विसंबतो. वास्तविक साध्या चालींपुरते हे गणित अगदी थोडे आहे. कस लागतो तो कानाचा.

बिलावल थाटाचे सात शुद्ध स्वर हेच ढोबळमानाने पाश्चात्त्यांचे मेजर स्केल होय. त्यातील कोणताही स्वर घेऊन, एकाआड एक असे तीन स्वर एकदम वाजवले की कॉर्ड तयार होते. पांढरी एक हा सा धरला, तर पहिली, तिसरी व पाचवी पांढरी पट्टी मिळून सा-ग-प ही कॉर्ड होते. काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या मोजल्यास सा ते ग हे अंतर चार पट्ट्यांचे व ग ते प हे तीन पट्ट्यांचे भरते. अशा कॉर्डला मेजर म्हणतात. सा, म आणि प यांच्यावरील कॉर्ड मेजर आहेत. रे, ग आणि ध यांच्यावर तीच अंतरे उलट क्रमाने येतात व कॉर्ड मायनर होते. नी-रे-म या कॉर्डमध्ये दोन्ही अंतरे तीन-तीन पट्ट्यांची असल्याने ती अस्थिर वाटते. नवशिक्याने ती तूर्त बाजूला ठेवावी.

सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे या तीन मेजर कॉर्ड एकत्र पाहिल्या, तर त्यांत सातही स्वर येऊन जातात. ग फक्त पहिल्या कॉर्डमध्ये आहे, म आणि ध फक्त दुसऱ्या, रे आणि नी फक्त तिसऱ्या. सा आणि प मात्र दोन-दोन ठिकाणी आढळतात, आणि निवडीचा प्रश्न तेथेच उभा राहतो.

'ट्विंकल ट्विंकल' या बालगीताची चाल घेऊ. ती मूळची अठराव्या शतकातील एका फ्रेंच गीताची असून मोझार्टने तिच्यावर बारा व्हेरिएशन्स लिहिली आहेत. पहिल्या चार मात्रांत सा दोनदा व प दोनदा येतो. दोन्ही स्वर सा-ग-प मध्ये असल्याने कॉर्ड बदलण्याचे कारणच नाही. पुढे ध येतो, तेव्हा म-ध-सा; पुन्हा प वर टेकताना सा-ग-प. त्यानंतर म ला म-ध-सा, ग ला सा-ग-प, रे ला प-नी-रे आणि अखेरच्या सा ला सा-ग-प. या अखेरच्या सा खाली म-ध-सा वाजवून पाहावी. स्वर चुकलेला नसतो, तरीही गाणे दारातच अडल्यासारखे वाटते. चालीच्या मधल्या भागात ओळ रे वर थांबते व तिला प-नी-रे ही कॉर्ड मिळते. तेथे विराम आहे, पण तो स्वल्पविरामासारखा. म्हणून शिकणाऱ्याने आधी ओळींचे शेवट ठरवावेत आणि मग मागे येत मधल्या जागा भराव्यात. पहिल्या स्वरापासून एकेक कॉर्ड चिकटवत गेल्यास बहुधा फसगत होते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक स्वराला वेगळी कॉर्ड देणे. ग-रे-सा अशी द्रुत उतरंड असेल, तर मधला रे हा वाटेवरचा स्वर समजून सा-ग-प तशीच धरून ठेवावी. ज्या मात्रेवर जोर आहे, त्या मात्रेवरील स्वराचा कौल मानावा.

कॉर्ड बदलताना बोटे दूरवर नेऊ नयेत, हेही तितकेच महत्त्वाचे. सा-ग-प वरून म-ध-सा वर जाताना सा जागेवरच राहतो. ग शेजारच्या म वर व प शेजारच्या ध वर सरकतो. हे धडे घेण्यासाठी बाखसारखा गुरू नाही. त्याच्या चार आवाजांच्या कोरालचा ३७१ रचनांचा संग्रह आजही अभ्यासला जातो. त्यातील बहुतेक चाली त्याच्या स्वतःच्या नाहीत. चर्चमध्ये रूढ असलेली स्तोत्रे त्याने घेतली. 'सेंट मॅथ्यू पॅशन'मध्ये एकच स्तोत्रचाल अनेकदा येते आणि हार्मनी बदलली की तिचा भाव पालटतो. कॉर्डला मूळ स्वर असतो व स्वरांची जागा बदलली तरी तो कायम राहतो, हा विचार जाँ-फिलिप रामो याने १७२२ च्या ग्रंथात पद्धतशीर मांडला.

हे ज्ञान मराठी मुलखाजवळ आले ते गोव्यामार्गे. पोर्तुगीज राजवटीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवले जाई. त्या परंपरेतील सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस आदी वादक-संयोजक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. संगीतकाराने दिलेली चाल बहुतेक वेळा रागाच्या अंगाने जाणारी असे. तिच्याखाली वाद्यवृंदाची हार्मनी लिहिण्याचे काम या मंडळींकडे असे.

ते काम नाजूक होते, कारण कॉर्ड आपल्याबरोबर असे स्वर आणते, जे चालीत नसतात. भूपात म आणि नी वर्ज्य आहेत. त्याच्या पाच स्वरांतून सा-ग-प आणि ध-सा-ग या दोनच पूर्ण कॉर्ड निघतात. भूपातील एखाद्या चालीत ध आला म्हणून सवयीने म-ध-सा वाजवली, की गाणाऱ्याने कटाक्षाने टाळलेला मध्यम साथीतून ऐकू येतो. यमनात म तीव्र असल्याने नेहमीची म-ध-सा उपलब्धच नसते. रे वरील कॉर्ड मात्र मेजर होते. दुर्गात तर ग आणि नी नसल्यामुळे षड्जावर पूर्ण कॉर्ड बनतच नाही. तेथे सा आणि प हे दोनच स्वर धरावेत आणि मधली जागा रिकामी सोडावी.