जुन्या संगणकातील कपॅसिटर-बदल आणि ऐतिहासिक साधनाची विश्वसनीयता : बीबीसी मायक्रोच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचे लिखित, मौखिक व भौतिक असे वर्गीकरण सर्वपरिचित आहे. भौतिक साधने म्हटली की नाणी, ताम्रपट, शिलालेख व वास्तू यांचाच विचार प्रामुख्याने होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संगणक हेही याच वर्गातील साधन होय. तथापि, त्यात एक महत्त्वाचा भेद आहे. नाणे स्वस्थ पडून असले तरी साक्ष देते; संगणक मात्र चालू झाल्याखेरीज आपली पूर्ण साक्ष देत नाही. तो चालू होण्याच्या आड अनेकदा वीजपुरवठ्यातील एखादा लहानसा कपॅसिटर येतो. हा भाग बदलल्यानंतर ते यंत्र ऐतिहासिक साधन म्हणून कितपत विश्वसनीय उरते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो हा संगणक तयार केला. डिसेंबर १९८१ मध्ये तो बाजारात आला आणि जानेवारी १९८२ पासून त्यावर आधारित दूरचित्रवाणी मालिका प्रसारित झाली. पुढे ब्रिटनमधील असंख्य शाळांत तो पोहोचला व त्याची एकूण विक्री सुमारे १५ लाखांच्या घरात गेली. सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर या त्याच्या रचनाकारांनीच पुढे एआरएम प्रोसेसरची रचना केली. त्याची पहिली चिप एप्रिल १९८५ मध्ये कार्यान्वित झाली. भारताशीही या यंत्राचा प्रत्यक्ष संबंध आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने 'क्लास' या नावाने शालेय संगणक साक्षरतेचा जो प्रकल्प सुरू केला, त्यात आरंभी सुमारे २५० शाळांना हेच संगणक देण्यात आले. म्हणजेच आपल्या देशातील शालेय संगणक शिक्षणाच्या आरंभाचे हे एक मूळ साधन ठरते.

बिघाडाचे स्वरूप

या संगणकाचा वीजपुरवठा घरगुती विजेचे रूपांतर अधिक ५, उणे ५ व अधिक १२ व्होल्ट दाबात करतो. सुरुवातीच्या काही यंत्रांचा अपवाद वगळता हे काम स्विच-मोड पद्धतीने होते. या पद्धतीत निर्माण होणारा विद्युत-गोंगाट वीजवाहिनीत परत जाऊ नये म्हणून प्रवेशाशीच गाळणी-कपॅसिटर बसविलेले असतात. बीबीसी मायक्रोत ते बहुधा ०.१ व ०.०१ मायक्रोफॅरडचे असून अनेक यंत्रांत ते स्वीडनमधील रिफा कंपनीचे आढळतात. धातूचा पातळ थर दिलेला कागद आणि त्यावर पिवळसर पारदर्शक राळेचे आवरण, अशी त्यांची घडण. कालांतराने आवरणाला बारीक तडे जातात, हवेतील ओल कागदात शिरते आणि वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र पुन्हा चालू करताच कपॅसिटर तापून फुटतो. दुर्गंधीयुक्त धूर निघतो. मात्र संगणक पुष्कळदा चालूच राहतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ऱ्हास याहून वेगळा असतो. त्यातील द्रव हळूहळू सुकतो, अंतर्गत रोध वाढतो आणि पुरवठा अस्थिर होतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते, असा ठोकताळा आहे.

दुरुस्तीची पद्धती

जुने यंत्र केवळ 'चालते का पाहू' म्हणून विजेला जोडू नये, हा पहिला नियम होय. २३० व्होल्ट विजेचे एकदिशीकरण झाल्यावर मुख्य साठवण-कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट दाब निर्माण होतो व पिन काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. म्हणून जाणकार तंत्रज्ञाने योग्य रोधकाद्वारे तो उतरवून, मीटरने खात्री करूनच काम करावे. फेज व न्यूट्रल यांच्यामधील गाळणीसाठी एक्स-२ या सुरक्षा-वर्गाचाच कपॅसिटर वापरावा लागतो. केवळ मूल्य जुळणे पुरेसे नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसविताना ध्रुवता पाळावी लागते. त्याचा व्होल्ट-दर मूळ भागाच्या दराहून कमी असता कामा नये.

अस्सलपणाचा प्रश्न

भाग बदलल्याने यंत्राचा अस्सलपणा उणावतो, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. फुटलेला कपॅसिटर हाही एक पुरावाच असतो. तत्कालीन कागदी तंत्राची मर्यादा तो दाखवितो. परंतु आपल्याकडील मंदिरांच्या जीर्णोद्धाराचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. ज्या जीर्णोद्धाराचा शिलालेख कोरला गेला, तो स्वतःच इतिहासाचे साधन झाला. ज्याची नोंद राहिली नाही, त्याने मात्र मूळ वास्तूचा कालनिर्णय अवघड केला. तात्पर्य, दोष दुरुस्तीत नसून नोंदीच्या अभावात आहे. काढलेला भाग, त्यावरील छाप, मूल्य, बदलाची तारीख व कारण यांची नोंद ठेवून तो भाग यंत्रासोबत जतन केल्यास पुरावा नष्ट होत नाही. अर्थात हा न्याय सरसकट लावता येणार नाही. एखादे यंत्र एकमेव शिल्लक असेल, तर त्याला हात न लावणेच श्रेयस्कर. बीबीसी मायक्रोसारख्या मोठ्या संख्येने निर्माण झालेल्या यंत्राच्या काही प्रती चालू स्थितीत व काही अस्पर्शित राखणे शक्य आहे. आधुनिक संगणकावरील अनुकरण-प्रणाली जुने कार्यक्रम दाखवू शकते. परंतु कळफलकाचा स्पर्श, यंत्राची उष्णता व त्याची दुरुस्तीयोग्य घडण ती दाखवू शकत नाही.

निष्कर्ष

हा प्रश्न केवळ परदेशी संग्रहालयांचा नाही. आपल्या शाळा-महाविद्यालयांतील जुने संगणक डेडस्टॉक रजिस्टरमधून निर्लेखित होऊन भंगारात जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्यांची विल्हेवाट अधिकृत मार्गाने होणे आवश्यकच आहे. तथापि, निर्लेखनापूर्वी इतिहास व भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे त्यांची पाहणी करून निदान एक यंत्र, त्याची खरेदी-नोंद व दुरुस्तीचा तपशील जतन करावा. अन्यथा संगणक शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्या उद्याच्या अभ्यासकास शासकीय परिपत्रके मिळतील, पण ज्या यंत्रावर ते शिक्षण झाले ते यंत्र मिळणार नाही.