खजिनदार : वर्ध्याच्या पेढीवरून राजकारणात

इंग्लंडात शेअर बाजारातून राजकारणात जाण्याची वाट जुनी आहे. डेव्हिड रिकार्डो हा लंडनचा दलाल. सरकारी कर्जरोख्यांवर अमाप कमावून त्याने धंदा आवरता घेतला, गॅटकम पार्कची जमीनदारी विकत घेतली आणि १८१९ मध्ये आयर्लंडमधल्या पोर्टार्लिंग्टनचा प्रतिनिधी म्हणून तो पार्लमेंटात बसला. आधी पैसा, मग जमीन, मग आसन. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या. मंत्रिपदाच्या वाटेला मात्र ते गेले नाहीत. १९२० पासून अखेरपर्यंत, थोडा काळ सोडला तर, ते काँग्रेसचे खजिनदार राहिले.

त्यांच्या चरित्रांत ‘त्याग’ हा शब्द इतका आला आहे की त्यामागचा व्यापारी दिसेनासा होतो. माझे मत वेगळे आहे. जमनालालजी व्यापारीपण टाकून राजकारणात आले नाहीत. ते बरोबर घेऊनच आले.

वर्धा हे गावच मुळी कापसाच्या काळातले. जिल्हा झाला १८६२ मध्ये, पालकवाडीच्या शेजारी शहराची आखणी झाली १८६६ मध्ये, आणि १८६७ मध्ये रेल्वे इथून पुढे नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मुंबईच्या बाजाराला कापसाचे वेड लावले होते; हिंगणघाटच्या कापसाचे नाव तर विलायतेपर्यंत गेलेले. अशा मुलखात सीकरकडून आलेल्या शेठ बच्छराजांची पेढी वाढली. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात १८८९ मध्ये जन्मलेला जमनालाल त्यांच्या घरी नातू म्हणून दत्तक आला, तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता.

सतराव्या वर्षी एका लग्नाला दागिने घालून जायला त्याने नकार दिला. बच्छराज संतापले. मुलाने चिठ्ठी लिहिली: तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही, आणि घर सोडले. पुढे समजूत निघाली, तो परतला आणि १९०७ मध्ये बच्छराज वारल्यावर सगळे त्याच्याच हाती आले. पण त्या चिठ्ठीची भाषा मला वैराग्याची वाटत नाही. ती फारकतीची आहे. आपला किती आणि परका किती, हे लिहून मोकळे होणाऱ्या माणसाची.

मानद मॅजिस्ट्रेट, रायबहादूर ही पायरी त्यांनीही चढली. १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये ते स्वागताध्यक्ष होते; तिथेच गांधीजींना त्यांनी मला आपला पाचवा मुलगा माना असे म्हटले. मग किताब परत गेला. वकिली सोडणाऱ्यांच्या घरी चूल पेटती राहावी म्हणून एक लाख रुपये दिले गेले. इथे मला पेढीवरचा माणूस दिसतो. बहिष्काराची भाषणे देणारे पुष्कळ होते. सनद परत केलेल्या वकिलाच्या घरचा पुढच्या महिन्याचा खर्च कोण देणार, हा प्रश्न त्यांना सुचला.

१९२३ च्या झेंडा सत्याग्रहात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. दंड भरला नाही म्हणून मोटार जप्त झाली, आणि नागपुरात तिच्यावर बोली लावायला कोणी पुढे आले नाही, असे सांगतात. बाजारात जन्म काढलेल्या माणसाला याहून मोठा मान कोणता मिळाला असता?

सर्वांत महाग सौदा वेगळाच होता. बच्छराजांनी बांधलेले लक्ष्मीनारायण मंदिर जुलै १९२८ मध्ये त्यांनी अस्पृश्यांना खुले केले. पेढी चालते ती पतीवर, आणि मारवाडी समाजात पत म्हणजे जात, सोयरीक, पंगत. जातीतून विरोध झाला. हा धोका लाखाच्या देणगीहून मोठा होता, आणि तो परत फेडून मिळणारा नव्हता.

विनोबा १९२१ मध्येच वर्ध्याला आले होते. साबरमती सुटल्यावर गांधीजी आले, मगनवाडी ग्रामोद्योग संघाला मिळाली, आणि १९३६ मध्ये गांधीजी शेगावात राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. शेगावचे मालगुजार जमनालालजीच होते. बहुतांश गाव त्यांच्या मालकीचे. चरित्रकार इथून झपाट्याने पुढे जातात. मी थांबतो. विश्वस्ताची कल्पना ज्या अंगणात मांडली गेली, त्याच अंगणाची कुळे धन्याच्या चांगुलपणावर अवलंबून होती. १९३१ मध्ये गोला गोकर्णनाथला साखर कारखानाही त्यांनी काढलेला होता. मालकी राहिली, वापर बदलला. खजिनदाराची ही नैतिकता अस्सल होती असे मी मानतो. पण ती एका माणसाच्या आयुष्याएवढीच लांब होती. धनी बदलला की कुळाने काय करायचे, याला तिच्यात कलम नव्हते.

अखेरच्या महिन्यांत गोसेवेचे काम घेऊन ते गोपुरीत झोपडी बांधून राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. जुलैत काँग्रेस कार्यसमितीने ‘चले जाव’चा ठराव वर्ध्यालाच केला, तेव्हा यजमान नव्हते. जानकीदेवींनी आपल्या वाट्याचे सारे गोसेवेला दिले आणि पुढे विनोबांच्या मागे विहिरी मागत गावोगाव फिरल्या. मालगुजारी मात्र गेली ती १९५० च्या कायद्याने, शेगावातली आणि बाकीच्या गावांतली एकदमच.