लहान शहरी परसबागेतून अधिक भाजीपाला: २०० चौरस फुटांचे नियोजन

घरामागे २० फूट लांब आणि १० फूट रुंद एवढी मोकळी जागा असेल तर ती गुंठ्याच्या जेमतेम पाचव्या भागाइतकी भरते. अशा जागेत शेतातल्यासारख्या सऱ्या पाडून सगळ्या भाज्या एकाच दिवशी लावल्या, की एका आठवड्यात शेजाऱ्यांना वाटावी लागेल एवढी मेथी निघते आणि पुढचा महिनाभर वाफे मोकळे पडतात. परसबाग सोडून देणाऱ्यांपैकी बरेच जण याच टप्प्यावर सोडतात. जागा वाढवता येत नाही, पण तिच्यातला कोणता तुकडा किती दिवस रिकामा राहतो हे तुमच्या हातात आहे.

आधी माती पाहा

शहरातल्या प्लॉटवर वरच्या थरात बहुधा मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा असतो. सिमेंट व चुन्यामुळे मातीचा सामू वाढतो. सामू ८ च्या वर गेला की लोह पिकाला मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. अशा वेळी युरिया टाकून उपयोग होत नाही. लागवडीपूर्वी मातीचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. एक फूट खोल खणून राडारोडा चाळून काढावा आणि कमी पडलेली माती बाहेरून आणावी.

पूर्वी गॅरेज, बॅटरी दुरुस्ती किंवा रंगकाम चाललेल्या जागेत मात्र भाजी लावूच नये. शिसे मातीत वर्षानुवर्षे टिकते, आणि पालेभाज्यांवर बसलेली माती धुऊनही पूर्ण जात नाही. तिथे फुलझाडे लावावीत.

पहिल्या वर्षी दर चौरस मीटरला ४ ते ५ किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. कच्चे शेण वापरू नये, त्यातून हुमणी येते.

आखणी

लांबी पूर्व-पश्चिम आहे असे धरू. उत्तरेच्या कडेला दीड फुटाचा पट्टा वेलांसाठी, मग सव्वा फुटाची वाट, मध्ये चार फुटांचा गादीवाफा, पुन्हा सव्वा फुटाची वाट आणि दक्षिणेला दोन फुटांचा पट्टा. दोनशेपैकी दीडशे चौरस फूट लागवडीखाली येतात. चार फुटांच्या वाफ्यावर दोन्ही बाजूंनी हात पोचतो, त्यामुळे वाफ्यात पाय ठेवण्याची गरज नाही आणि माती दबत नाही. तुमची जागा उत्तर-दक्षिण लांब असेल तरी मांडव उत्तरेच्या टोकालाच घ्यावा. पुणे, नगर, मुंबईच्या भागात डिसेंबरातल्या भर दुपारी सहा फुटी मांडवाची सावली साधारण साडेपाच फूट उत्तरेकडे पडते. तोच मांडव दक्षिणेला केला तर हिवाळाभर मधला वाफा सावलीत जाईल.

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांना किमान सहा तास ऊन हवे. तीन-चार तासच ऊन येणाऱ्या कोपऱ्यात पालक, कोथिंबीर, पुदिना, अळू घ्यावे.

एका तुकड्यातून दोन पिके

मधल्या वाफ्याचे चार बाय चार फुटांचे पाच तुकडे पडतात. खरी वाढ इथेच मिळते. टोमॅटोची रोपे दीड फुटावर लावल्यानंतर पहिला महिनाभर त्यांच्यामधली जमीन उघडीच असते. रोपे लावली त्याच दिवशी मधल्या जागेत मेथी किंवा लाल माठ पेरावा. दोन्ही २५ ते ३० दिवसांत काढणीला येतात, तोवर टोमॅटोचा पसारा झालेला नसतो. मेथी उपटताना टोमॅटोची मुळे हलू नयेत म्हणून ती बुडाशी कापून घ्यावी. वांग्यामध्ये मुळा घेता येतो, पण ४० ते ४५ दिवसांत तो काढलाच पाहिजे. चार दिवस जास्त ठेवण्याच्या मोहात वांगे मागे पडते.

पालेभाजी एका वेळी एकाच तुकड्यात पेरावी आणि पुढची पेरणी १० ते १२ दिवसांनी दुसऱ्या तुकड्यात करावी. तुकडा पूर्ण मोकळा असेल तर मेथीचे सुमारे १० ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच छोटे चमचे बी पुरते. धने पेरण्यापूर्वी हलके रगडून दोन भाग करावेत व रात्रभर भिजवावेत. कडक उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते. तेव्हा माठ, अंबाडी, चवळई बरी.

पीक निघाले की त्याच दिवशी घमेलेभर खत मिसळून पुढची लागवड करावी. त्यासाठी टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपे महिनाभर आधीच ट्रेमध्ये टाकलेली हवीत. ही तिन्ही एकाच कुळातली असल्याने एकामागून एक त्याच तुकड्यात घेऊ नयेत.

कांदा, बटाटा, कोबी यांच्या मागे या क्षेत्रात लागू नये. कोबीचे एक रोप अडीच ते तीन महिने जागा अडवते आणि एकच गड्डा देते.

पाणी

दोनशे लिटरचा ड्रम तीन-चार फूट उंचीवर ठेवून आतच छिद्रे असलेली १६ मिलिमीटरची ठिबक नळी जोडली तर एवढ्या लांबीला पंप लागत नाही. वाळलेल्या पानांचे दोन इंच आच्छादन करावे. साबणाचे पाणी केळीला चालेल, पालेभाजीला देऊ नये.

दुधी, दोडका, कारले गळतात तेव्हा

विस्तार कार्यकर्त्यांना शहरात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न बहुधा हाच: वेल जोमात आहे, पण बोटाएवढी फळे पिवळी पडून गळतात. लोक खत वाढवतात. कारण पुष्कळदा परागीभवन न होणे हे असते, कारण आजूबाजूला मधमाश्या कमी. ज्या फुलाच्या देठाशी छोटे फळ दिसते ते मादी. नुसत्या देठावरचे नर. ताजे नर फूल तोडून पाकळ्या काढाव्यात आणि परागकण मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. दुधी व दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, कारले, काकडी आणि लाल भोपळ्याची सकाळी. वेळ चुकली की काम होत नाही. सकाळी आठला दुधीच्या वेलाशी उभे राहून काही मिळणार नाही.

फळ धरूनही वाकडे होऊन सडत असेल तर ती फळमाशी. क्यू ल्यूरचा एक सापळा एवढ्या जागेला पुरतो. मावा व पांढरी माशी दिसल्यास निंबोळीची ५० ग्रॅम पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारावी. यलो व्हेन मोझॅक झालेली भेंडीची झाडे उपटून टाकावीत, त्यांना औषध नाही. किडलेली फळे कंपोस्टच्या खड्ड्यात न टाकता प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवावीत.