विंचवाचें बिऱ्हाड चाकांवर

श्रोतेहो, विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण सहज वापरतों. तिच्यांत थोडी कींव असते आणि थोडा हेवाही असतो. ज्याला स्थिर घर नाहीं त्याची कींव, आणि ज्याला घराचा पाश नाहीं त्याचा हेवा. युरोप व अमेरिका येथील लोकांनीं मालवाहू गाडीच्या पोटांत बिऱ्हाड थाटण्याची जी विद्या सिद्ध केली, तिच्या इतिहासांत या दोन्ही भावना आलटून पालटून दिसतात. आज तोच इतिहास थोडक्यांत आपणांपुढें मांडावयाचा आहे.

चाकांवरच्या घरांत राहणारे जिप्सी आणि जत्रेंतील खेळवाले इंग्लंडांत पूर्वींपासूनच होते. परंतु सुखवस्तु गृहस्थानें केवळ हौसेखातर तसें राहावें ही कल्पना नवी होती. ती लोकप्रिय करण्याचें बरेंचसें श्रेय गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी शल्यवैद्याकडे जातें. ब्रिस्टल वॅगन वर्क्स या कारखान्याकडून त्यानें 'वाँडरर' नांवाची गाडी बांधवून घेतली आणि १८८५ सालीं ट्वायफर्ड गांवापासून स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. पुढील वर्षीं निघालेल्या त्याच्या प्रवासवर्णनाच्या नांवांतच १३०० मैलांचा उल्लेख आहे. गाडी सुमारें दोन टन वजनाची; ती ओढण्यास दोन घोडे, घोड्यांसाठीं सारथी, आणि पुढील रस्ता पाहण्यासाठीं तीनचाकी सायकलीवर स्वार झालेला नोकर, असा सारा सरंजाम होता. घर फिरतें खरें. पण तें फिरविण्यासाठीं पाठीशीं दुसरें भरभक्कम घर आणि पुरेसें उत्पन्न असावें लागे. सामान्य गृहस्थाच्या उपयोगी पडेल असें जें फिरतें घर युरोपांत पुढें सर्वत्र पसरलें, त्याचा जन्म अशा चैनीच्या गाडींतून झाला नाहीं. तो ओझ्याच्या गाडींतून झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनींतील वोल्फ्सबुर्ग येथील फोक्सवॅगन मोटारींचा कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यांत होता. सुटे भाग इकडून तिकडे नेण्यासाठीं तेथें छोट्या मोटारीच्या सांगाड्यावर एक सपाट, ओबडधोबड गाडा तयार करण्यांत आला होता. बेन पॉन नांवाच्या डच व्यापाऱ्याच्या दृष्टीस तो पडला. २३ एप्रिल १९४७ रोजीं पॉननें आपल्या टिपणवहींत एका गाडीचें रेखाचित्र काढलें. चालक अगदीं पुढें, यंत्र अगदीं मागें, आणि मधली सारी जागा मालासाठीं मोकळी, एवढाच त्या चित्राचा अर्थ होता. पहिला नमुना वाऱ्याला फार अडूं लागला, तेव्हां ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यालयांतील वातबोगद्यांत चांचणी घेऊन गाडीचें तोंड गोलसर करण्यांत आलें. मार्च १९५० मध्यें या गाड्या नियमितपणें कारखान्यांतून बाहेर पडूं लागल्या. यंत्राची शक्ति अवघी २५ अश्वशक्तीची, आणि वाहावयाचें ओझें सुमारें ७५० किलो. नानवाई, सुतार, किराणा दुकानदार अशा लोकांसाठीं ती होती. तींत कोणी झोंपेल असें चित्र काढणाऱ्याच्या मनांत नव्हतें.

परंतु मधली जागा मोकळी होती, आणि मोकळ्या जागेला माणूस आपला उपयोग शोधून काढतो. वीडेनब्रुक गांवीं वेस्टफालिया नांवाचा, १८४४ पासून गाड्या बांधणारा एक जुना कारखाना होता. एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याच्या मागणीवरून तेथें या गाडीच्या अंतर्भागाची गृहरचना झाली, असें सांगितलें जातें. १९५१ पासून वेस्टफालियानें 'कॅम्पिंग बॉक्स' नांवाचा संच विकावयास काढला. त्यांत बैठक होती, तीच उलगडली कीं बिछाना होई. कपाट होतें, आणि चुलीची सोयही होती. या संचाची खरी खुबी अशी कीं तो गाडींतून काढतां येई. दुकानदारानें आठवडाभर माल वाहावा, सुटीच्या दिवशीं संच चढवून बायकामुलांसह सरोवराच्या कांठीं जावें, आणि सोमवारीं पुन्हा पोतीं भरावीं. ज्याला दोन गाड्या परवडत नव्हत्या त्याला एकाच गाडीनें अन्नही दिलें आणि विसांवाही दिला.

मालाची गाडी माणसाला सुखाची करणें हें मात्र केवळ सुतारकाम नव्हे. पिठाचें पोतें श्वास घेत नाहीं, माणूस घेतो. रात्रीं त्याच्या उच्छ्वासांतील बाष्प गार पत्र्याला लागून त्याचें पाणी होतें, तें फळ्यांमागें ओघळतें, पत्रा गंजतो आणि लांकूड कुजतें. म्हणून पत्रा व फळी यांच्या दरम्यान उष्णतारोधक अस्तर हवें, आणि तेवढ्यावर न भागतां हवा खेळावयास झरोकाही हवा. पाण्याची टांकी, चूल, कपाटें हीं जड वस्तु होतां होईल तों खालीं आणि दोन आंसांच्या मध्यें ठेवावीं लागतात, नाहींतर वळणावर गाडी कलते. जी वस्तु एकच काम करते तिला येथें जागा नाहीं. उभें राहण्याची अडचण इंग्लंडांतील फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर या कारखान्यानें दूर केली. त्याच्या 'डॉर्मोबिल' गाड्यांचें छप्पर एका बाजूस बिजागरीवर उचललें जाई आणि खालीं कापडाची भिंत ताणली जाई. चालतांना गाडी बुटकी, थांबल्यावर उंच.

हें गाडीचें घर आहे कीं घराची गाडी, हा प्रश्न पुढें सरकारी जकातीनेंही उपस्थित केला. युरोपीय देशांनीं १९६२ सालीं अमेरिकन कोंबड्यांवर जबर कर बसविला. त्याचें उत्तर म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनीं डिसेंबर १९६३ मध्यें आयात होणाऱ्या हलक्या मालमोटारींवर शेंकडा २५ जकात जाहीर केली. परिणाम असा झाला कीं तीच जर्मन गाडी मालासाठीं रिकामी असली तर तिच्यावर हा बोजा पडे, आणि तींत खिडक्या, आसनें व बिछाना असला तर ती प्रवासी मोटार गणली जाऊन सुटे. रिकाम्या गाड्यांची आयात आटली. घर झालेल्या गाड्या मात्र अमेरिकेंत मोठ्या संख्येनें जात राहिल्या, आणि तेथील तरुण पिढीच्या मुक्त जीवनाचें त्या चिन्ह बनल्या. या जुन्या घाटाची शेवटची गाडी ब्राझीलमध्यें डिसेंबर २०१३ मध्यें तयार झाली. अपघातांत प्रवाशांस वांचविणारीं नवीं साधनें तेथें सक्तीचीं झालीं, आणि तीं त्या घाटांत बसवितां येईनात.

श्रोतेहो, इथवर ही कथा विसांव्याची झाली. तिचें अलीकडचें प्रकरण वेगळें आहे. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेंत अनेकांचीं घरें गेलीं. त्यांपैकीं कित्येक वयस्क माणसें मालमोटारींत बिछाना टाकून राहूं लागलीं, आणि हंगामी कामाच्या शोधांत गोदामांतून व शेतांतून फिरूं लागलीं. जेसिका ब्रूडर या वृत्तलेखिकेनें २०१७ च्या आपल्या 'नोमॅडलँड' या पुस्तकांत त्यांची हकीकत लिहिली. त्यावरील चित्रपटास २०२१ सालीं ऑस्करचें सर्वोत्तम चित्रपटाचें पारितोषिक मिळालें. साठी उलटलेल्या माणसास ही हकीकत अस्वस्थ केल्यावांचून राहत नाहीं. अस्तर तेंच, झरोका तोच, उलगडणारी बैठकही तीच. फक्त सोमवारीं परतावयाचें घर उरलेलें नाहीं.

हल्लीं अशा गाड्यांचीं मोहक चित्रें आपल्याकडील तरुणांच्याही पाहण्यांत येतात, आणि त्यांना तशी हौस वाटली तर तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. गाडीचें लांकूडकाम त्यांनीं अवश्य पाहावें. पण तिच्या मालकास परतावयास कोठें दार आहे कीं नाहीं, हेंही एकदां विचारावें. विंचवाचा हेवा करावयाचा कीं त्याची कींव करावयाची, हें त्या उत्तरावर ठरेल.