शंभर टन, आस्ते आरिया

पिंपरी-चिंचवडकरांना जड मालाचं नवल नसतं. रात्री उशिरा चाकण-तळेगाव रस्त्यावर मल्टिॲक्सल ट्रेलर निघतो. पुढे एकजण लांब बांबूनं विजेच्या तारा उचलत चालत असतो, मागच्या गाडीवर पिवळा दिवा फिरत असतो आणि तुम्ही दुचाकी कडेला घेऊन वाट बघता. ताडपत्रीखाली काय आहे, ते कुठून आलं, हे विचारावंसं वाटेपर्यंत ट्रेलर पुढे गेलेला असतो. आज विचारूच. उत्तर मिळवायला मात्र 70 हून अधिक वर्षं मागे आणि सात समुद्र पलीकडे जावं लागेल.

डिसेंबर 1951. तुम्ही ग्लासगोत उभे आहात. थंडीनं बोटं आखडली आहेत. स्प्रिंगबर्न भागातल्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीच्या फाटकातून एक वाफेचं इंजिन बाहेर पडतंय, पण रुळांवरून नाही, रस्त्यावरून. त्याची चाकं भारतीय ब्रॉडगेजची, म्हणजे साडेपाच फुटांची. इथले रूळ त्याला अरुंद पडतात. म्हणून ते ट्रेलरवर चढवलंय आणि ट्रॅक्टर त्याला ओढत नदीकडे नेताहेत. फुटपाथवर पोरंटोरं गोळा झाली आहेत. डब्ल्यूजी जातीचं, मालगाडी ओढणारं हे इंजिन टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, सोडून सुमारे 100 टन भरतं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतीय रेल्वेची इंजिनं युद्धात राबून थकलेली होती. चित्तरंजनचा आपला कारखाना नुकता सुरू झालाय, पण त्याच्या एकट्याच्या जिवावर देशाची गरज भागणार नाही. म्हणून ही इंजिनं बाहेरून आणायची.

क्लाइड नदीकाठी फिनिस्टनची क्रेन आहे, 175 टनांची. ती इंजिन उचलते आणि जहाजाच्या पोटात उतरवते. तुमची नजर मात्र जहाजावरच खिळते. नेहमीच्या मालवाहू जहाजापेक्षा त्याची ठेवण वेगळी आहे. इंजिन-रूम शक्य तितकी मागे सरकवलेली, फाळके म्हणजे होल्डची तोंडं लांबच लांब, मधे खांब किंवा अडथळा नाही. डेकवरचे डोलखांब इतके जाडजूड की दोन माणसांच्या कवेत मावायचे नाहीत. खाली होल्डच्या तळाशी जाड लाकडाचा थर आहे. 100 टन एकाच जागी टेकले तर तळाचा पत्रा दबेल, म्हणून ते ओझं या लाकडावर पसरवायचं. त्यावर रूळ टाकलेत आणि रुळांवर इंजिनं एकामागे एक उभी आहेत.

अख्खं इंजिन जहाजातून न्यायचं, ही कल्पना क्रिस्टेन स्मिथ या नॉर्वेजियन माणसानं धंद्यात उतरवली. त्याआधी इंजिनाचे सुटे भाग पेट्यांत भरून पाठवायचे आणि पोचल्यावर महिनोन्‌महिने जोडत बसायचं, असा रिवाज होता. पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियमच्या रेल्वेला इंजिनं पोचवण्याच्या कामातून त्याचा जम बसला आणि त्याच्या जहाजांची नावं 'बेल'नं सुरू होऊ लागली: बेलजीन, बेलपारेल, बेलपामेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं याच धर्तीची 'एम्पायर' नावाची जहाजं बॅरो इथल्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या यार्डात बांधून घेतली. त्यांतल्या काहींनी लढाईत सैन्य उतरवायच्या होड्या वाहिल्या. युद्ध संपलं तशी ती खासगी कंपन्यांकडे गेली आणि इंजिनं, बॉयलर, ट्रान्सफॉर्मर घेऊन जगभर फिरू लागली. तुमचं जहाज याच घराण्यातलं. त्याच्या स्वतःच्या डेरिकची, म्हणजे डोलखांबाला जोडलेल्या उचल-दांड्याची, ताकद 100 टनांच्या वर आहे. म्हणजे समोरच्या बंदरात मोठी क्रेन असो वा नसो, माल उतरणारच.

जहाज बंदर सोडतं. डेकवर ओळखीची बोली कानावर पडते आणि तुम्ही चमकता. खलाशी रत्नागिरीकडचे आहेत. ब्रिटिश जहाजांवर डेकचं काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेले कोकणी मुसलमान. सारंग त्यांचा म्होरक्या, त्याच्या हाताखाली तांडेल, मग कसब आणि खलाशी. स्वयंपाकाला भंडारी. साहेबांच्या जेवणघरात गोव्याची मंडळी. सारंगच माणसं निवडून आणतो, बहुधा आपल्याच गावची, आणि त्यांच्या घरच्यांना जबाबही त्यालाच द्यावा लागतो. साठीकडे झुकलेला हा माणूस तुम्हाला बघून एवढंच म्हणतो, "वायरच्या आत पाय नको, भाऊ. बाकी कुठंही उभा रा."

बिस्केच्या उपसागरात जहाज डोलू लागतं आणि ते वाक्य तुम्हाला पटतं. सगळं वजन तळाशी ठेवलं तर जहाज फार ताठ होतं. लाट आली की कलतं आणि झटक्यात सरळ येतं. त्या झटक्यानं साखळ्या तुटतात. म्हणून काही वजन मुद्दाम वर डेकवर ठेवायचं, म्हणजे डोलणं सावकाश होतं. पण वर फार चढवलं तर जहाज कललेलं परत उठायचं नाही. चीफ मेट, खलाशांच्या भाषेत बडा मालिम, हा हिशेब कागदावर करतो आणि सारंग तो साखळ्यांवर तपासतो. दर पाळीला कंदील घेऊन खाली उतरायचं, चाकांखालच्या पाचरी ठोकून बघायच्या, टर्नबकल आवळायचे. साखळी ताणलेली असेल तर हातोडीचा ठोका खणखणीत वाजतो, ढिली असेल तर बद्द. कंदील तुमच्या हातात देऊन सारंग ठोके देत पुढे सरकतो आणि 100 टनांची इंजिनं डोक्यावर कुरकुरत राहतात.

बेलपामेलाची गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल 1947 मध्ये अमेरिकेहून फ्रान्सला 17 इंजिनं घेऊन ती निघाली होती. अटलांटिकच्या वादळात माल सरकला आणि ती बुडाली. म्हणून ठोका चुकवायचा नाही, अंगात ताप असला तरी.

सुएझमधून जहाज पार होतं, लाल समुद्रात उकाडा वाढतो, एडन मागे पडतं. सुमारे महिनाभरात मुंबईचा प्रॉन्ग्ज दीपस्तंभ दिसतो.

जानेवारी 1952. भरतीची वेळ साधून जहाज अलेक्झांड्रा डॉकच्या लॉक-गेटमधून आत शिरतं. 1914 मध्ये सुरू झालेली ही गोदी, पुढे जिचं नाव इंदिरा डॉक होणार आहे. आत पाणी कोंडलेलं असतं, ओहोटीबरोबर उतरत नाही. जड माल उतरवायला यापरतं सुख नाही. थोड्या अंतरावर व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस डॉक आहेत. 14 एप्रिल 1944 ला फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट तिथलाच. धक्क्यावरच्या जुन्या कामगारांना त्या दुपारी आपण कुठे होतो ते अजून सांगता येतं.

धक्क्यावर आता वेगळं वारं आहे. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, मुकादमाची मर्जी असली तर काम, नसली तर उपास, ही पद्धत मोडायला सुरुवात झालीय. 1948 चा गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला आणि त्याखाली मुंबईसाठी 1951 मध्ये योजना आली. त्यामागे युनियनचा रेटा आहे. त्या लढ्यातले पुढारी प्लॅसिड डिमेलो. फ्रिअर रोडला पुढे त्यांचं नाव लागेल.

डेरिक एका दिवसात तयार होत नाही. आदल्या दिवशीच ती डोलखांबापासून सोडवतात, जादा ताण घेणाऱ्या वायर बांधतात, कप्प्यांना ग्रीस भरतात. विहिरीच्या रहाटाला एक कप्पी असते. इथे एकेका ठोकळ्यात कितीतरी कप्प्या शेजारी शेजारी बसवलेल्या आणि त्यांतून तीच वायर वरखाली फिरवून आणलेली, म्हणूनच वाफेचं विंच एवढं वजन पेलतं. बॅलास्टच्या, म्हणजे तोलासाठी पाणी भरायच्या, टाक्या एक तर काठोकाठ भरायच्या नाहीतर कोरड्या ठेवायच्या. अर्धी टाकी घातक. जहाज कललं की पाणीही त्याच बाजूला धावतं. शिडी वर घेतात, बाजूचे पडाव दूर करतात.

फाळका उघडला आहे. इंजिनाच्या दोन्ही टोकांना जाड स्लिंग, वर लोखंडी बीम, त्यावर डेरिकचा आकडा. चार विंचवर चार माणसं. सगळ्यांना दिसेल अशा जागी सारंग उभा आहे. हुकूम एकाच्याच तोंडून निघेल.

"हबेस!" म्हणजे ओढा, उचला.

वायर ताणतात. वाफ फुसफुसते. इंजिन वीतभर उचललं जातं आणि सारंगचा हात आडवा होतो. थांबा. सगळे एकेक गाठ, एकेक शॅकल बघतात. या क्षणी जहाजाचा तोल बदललेला असतो. इंजिन तळाशी टेकलेलं होतं तोवर त्याचं वजन तळाशी होतं. ते अधांतरी होताच जहाजाच्या दृष्टीनं ते सगळं वजन डेरिकच्या टोकाला, पार वर, जाऊन बसतं.

"आस्ते हबेस!" काळं धूड फाळक्यातून वर येतं आणि त्याच्या सावलीत तुमचा श्वास अडकतो. आता ते धक्क्याकडे फिरवायचं. एका बाजूचा गाय, म्हणजे डेरिकला आवरणारा दोर, सोडायचा, दुसऱ्या बाजूचा ओढायचा, दोन्ही एका लयीत. इंजिन बाहेर सरकतं तसं जहाज धक्क्याच्या बाजूला कलतं. जहाज कललं की इंजिन आणखी बाहेर जातं. म्हणून घाई करायची नाही. डेकवरची एक बादली घरंगळत जाऊन कठड्यावर आपटते. कोणी मान वळवत नाही.

खाली धक्क्यावर बीपीटीच्या, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या, रेल्वेचे रूळ आहेत, पोर्टाची 1915 पासूनची स्वतःची लाइन. तिथली टोळी पहारी घेऊन तयार आहे. चाकांच्या कडा रुळांच्या आत बसल्या पाहिजेत. बोटभर इकडेतिकडे चालणार नाही.

"आरिया... आस्ते आरिया!" म्हणजे सोडा, सावकाश सोडा.

पहिलं चाक टेकतं. तुम्हाला वाटतं संपलं. खरी कसोटी आता आहे. वजन धक्क्यावर गेलं की जहाज हलकं होऊन सरळ होऊ लागतं आणि त्याबरोबर डेरिकचं टोक वर उचललं जातं. वायर सोडली नाही तर टेकलेलं इंजिन पुन्हा हवेत जाईल. फार सोडली तर 100 टन दणकन आदळतील. जहाज जेवढं उठेल तेवढीच वायर द्यायची. सारंगची नजर इंजिनावर नाही, पाण्याच्या रेषेवर आहे. त्याच्या बोटांच्या इशाऱ्यावर विंचवाला वाफेचा दांडा केसभर पुढे, केसभर मागे करतो. तासभरानं स्लिंग सैल पडतात. टाळ्या वाजत नाहीत. होल्डमध्ये पुढचं इंजिन उभं आहे.

माल उतरला की हेच जहाज मँगनीज किंवा दुसरा परतीचा माल भरून निघेल. खलाशी घरी पोचतील ते करार संपल्यावर.

आता तुम्ही झरझर पुढे या. 1955. इंग्लिश इलेक्ट्रिकच्या व्हल्कन फाउंड्रीत घडलेली डब्ल्यूसीएम-1 जातीची सात विजेची इंजिनं, प्रत्येक सुमारे सव्वाशे टनांचं, याच समुद्रवाटेनं मध्य रेल्वेकडे आली आहेत. तुम्ही चिंचवड स्टेशनावर उभे आहात. 1 जून 1930 पासून धावणारी डेक्कन क्वीन आता त्यांच्यामागे जोडली जाते. भोर घाटाचा 37 फुटांत एक फुटाचा चढ पार करून येणारी गाडी तुमच्यासमोरून सुसाट निघून जाते. पुढच्या स्टेशनाजवळ, पिंपरीच्या माळावर, 1954 मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पेनिसिलिन बनवू लागली आहे. तिच्या यंत्रसामग्रीला युनिसेफनं मदत केली आणि तंत्रज्ञान जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानं आलं. भोवती अजून शेतं आहेत, बोरीबाभळी आहेत.

मग वेग वाढतो. 1961 मध्ये चित्तरंजननं आपलं पहिलं विजेचं इंजिन बांधलं, नाव 'लोकमान्य'. 1962 मध्ये एमआयडीसी, 1966 मध्ये टेल्को, 1970 मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका. बाहेरून आलेल्या यंत्रांवर इथल्या हातांनी काम शिकून घेतलं आणि पुढे स्वतःची यंत्रं घडवली.

शेवटी पुन्हा त्याच गोदीत, पण आजच्या. इंदिरा डॉकमध्ये परदेशी निघालेलं मोटारवाहू जहाज लागलंय आणि चाकणच्या कारखान्यांत बनलेल्या गाड्या रांगेनं स्वतःच्या चाकांवर त्याच्या पोटात शिरताहेत. फोक्सवॅगनच्या चाकणच्या गाड्या याच बंदरातून मेक्सिकोला गेल्या. जिथे 100 टन उतरवायला एवढी कसरत लागायची, तिथे माल आता उलट दिशेला जातो.

आपल्या शहराचा औद्योगिक इतिहास कंपन्यांच्या स्थापनावर्षांनी लिहिला जातो. त्यात उद्योगपती असतात, मंत्री असतात, करार असतात. ज्यांनी जड माल काठावर उतरवला ते सारंग, विंचवाले, पहारवाले त्यात नाहीत. त्यांनी शिकलेलं विज्ञान मोठं होतं: तोल, ताण, पाण्याची रेषा, सगळं डोळ्यांत आणि बोटांत. रत्नागिरीच्या वाड्यांमध्ये, माझगाव-डोंगरीच्या खोल्यांमध्ये त्यांची जहाजाची सर्टिफिकिटं आणि फोटो अजून ट्रंकांत सापडतील. सांगणारी मुलं-नातवंडं आहेत. पिंपरी-चिंचवडच्या शाळा-कॉलेजांनी, कामगार संघटनांनी आणि महापालिकेनं ते गोळा करायला हवं, आत्ताच, कारण ही पिढीही थकत चाललीय. या शहराच्या इतिहासाचं पहिलं पान त्यांच्या नावानं उघडलं पाहिजे.