सोलापूरच्या कापड गिरण्यांतील पगार-कारकून : बदलत्या भूमिका आणि संवादकौशल्य – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सोलापूरचा आधुनिक इतिहास गिरणीच्या भोंग्याशी जोडलेला आहे. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. हीच पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. त्यानंतरच्या काळात लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू व जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. या गिरण्यांचे मालक, कामगार पुढारी आणि संप यांविषयी बरेच लेखन झाले आहे. मात्र मालकाची तिजोरी आणि कामगाराचा हात यांच्यामध्ये बसलेल्या पगार-कारकुनाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. आज ज्यास ‘पेरोल व्यवस्थापन’ म्हटले जाते, त्या व्यवसायाचा स्थानिक पूर्वज म्हणजे हा कारकून होय.

उद्दिष्टे :

१) पगार-कारकुनाच्या कामाचे स्वरूप कायद्यांमुळे कसे बदलत गेले, याचा आढावा घेणे.
२) या कामात हिशेबाइतकेच संवादकौशल्य का आवश्यक ठरले, याची मीमांसा करणे.

हजेरीपटाचा धनी :

गिरणीत ‘पगार करणे’ हे एकाच माणसाचे काम नव्हते. दाराशी हजेरी घेणारा टाइमकीपर, खात्यातील कामाची नोंद ठेवणारा कारकून, पगारपत्रक तयार करणारा हिशेबनीस आणि रोख रक्कम मोजून देणारा खजिनदार अशी ती साखळी होती. साचेवाल्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मोजमापावर, तर इतर अनेकांची मजुरी हजेरीवर ठरे. कायम कामगार गैरहजर राहिल्यास त्याच्या जागी बदली कामगार घेतला जाई. म्हणजेच नाव एक, हात दुसरे आणि मजुरी तिसऱ्याच दराने, असा गुंता पगार-कारकुनाला दर महिन्याला सोडवावा लागे.

या व्यवस्थेत खरी सत्ता जॉबरच्या हाती होती. कामावर घेणे, बदली देणे, रजा मंजूर करून घेणे ही सारी कामे त्याच्यामार्फत होत. दंड आणि कपात यांवर प्रभावी कायदेशीर बंधन नव्हते. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही मजूर आयोगाने (व्हिटले आयोग) १९३१ च्या अहवालात जॉबरच्या अनिर्बंध अधिकारावर आणि मजुरीतील कपातींवर बोट ठेवले. हा अहवाल पगार-कारकुनाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानावा लागतो.

कायद्याने आणलेला बदल :

या पार्श्वभूमीवर वेतन प्रदान अधिनियम, १९३६ संमत झाला व २८ मार्च १९३७ पासून अमलात आला. एक हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात सातव्या दिवसापूर्वी आणि त्याहून मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसापूर्वी पगार देणे बंधनकारक झाले. दंडाची रक्कम मजुरीच्या रुपयामागे अर्ध्या आण्यापुरती मर्यादित करण्यात आली. कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय दंड करता येईना. दंडाची नोंद स्वतंत्र वहीत करणे आणि जमलेली रक्कम कामगारांच्या हितासाठीच खर्च करणे आवश्यक ठरले.

या तरतुदींमुळे पगार-कारकुनाचे काम केवळ बेरीज-वजाबाकीचे राहिले नाही. कपातीचे कारण त्याला आता शब्दांत सांगावे लागणार होते. येथेच सोलापूरचे वेगळेपण लक्षात येते. कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेत लावावा, अशी या अधिनियमात तरतूद होती. परंतु सोलापूरच्या गिरणीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू बोलणारे कामगार शेजारी शेजारी काम करीत. ज्याची भाषा बहुसंख्येची नाही आणि ज्याला अक्षरओळखही नाही, त्याच्यासाठी भिंतीवरील कागद निरुपयोगी होता. त्याच्यापुरता कायदा म्हणजे खिडकीपलीकडच्या माणसाने दिलेले उत्तर होते. ‘चार आणे का कापले?’ या प्रश्नाला त्याच्या भाषेत, न रागावता आणि वहीतील नोंद दाखवून उत्तर देणे, हेच आजच्या परिभाषेतील ‘मृदू कौशल्य’ होय. शब्द नवा असला तरी गरज जुनी आहे.

वाढती जबाबदारी :

स्वातंत्र्योत्तर काळात कर्मचारी राज्य विमा अधिनियम (१९४८), भविष्य निर्वाह निधी अधिनियम (१९५२), बोनस अधिनियम (१९६५) आणि उपदान अधिनियम (१९७२) यांची भर पडली. महागाई भत्त्याचा हिशेबही करावा लागे. परिणामी एकाच पगारपत्रकात चालू महिन्याची मजुरी आणि कामगाराचे म्हातारपण अशी दोन्ही गणिते मांडली जाऊ लागली.

हे ओझे किती मोठे होते, हे गिरण्या बंद पडल्यावर दिसून आले. गैरव्यवस्थापनामुळे जुनी गिरणी २७ ऑगस्ट १९४९ रोजी बंद झाली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन हाती घेतले. पुढे त्याच वर्षी झालेल्या कायद्याच्या उद्देशिकेत उत्पादनावरील परिणामाबरोबरच बेकारीचाही उल्लेख करण्यात आला. हे प्रकरण चिरंजीतलाल चौधरी खटल्याच्या (१९५०) निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि घटनात्मक कायद्याच्या अभ्यासात अजरामर झाले. तेथील वाद भागधारकाच्या हक्कांचा होता. पगारपत्रकावरील कामगार त्या वादात पक्षकार नव्हता.

पुढील दशकांत सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. अशा वेळी कामगाराची देणी ठरविण्याचा मुख्य आधार म्हणजे जुने हजेरीपट होत. उपदानासाठी साधारणतः पाच वर्षांची अखंड सेवा लागते आणि वर्षभराची सेवा मोजताना २४० दिवसांचा निकष महत्त्वाचा ठरतो. बदली कामगाराच्या बाबतीत एखाद्या दिवसाची खूण राहिली, तर पूर्ण वर्ष हातचे जाऊ शकते. नावातील एका अक्षराची चूक भविष्य निर्वाह निधीचा दावा अडवू शकते. कारकुनाची काळजी किंवा बेफिकिरी तो निवृत्त झाल्यावरही कामगाराच्या घरापर्यंत पोहोचते, ती अशी.

वर्तमान संदर्भ :

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९३६ च्या अधिनियमाची जागा तिने घेतली. दंडापूर्वी बाजू मांडण्याची संधी देण्याचे तत्त्व तिने कायम ठेवले आहे. हिशेब आता संगणक करतो, रक्कम थेट बँकेत जमा होते आणि पगाराची खिडकी नाहीशी होत चालली आहे. तथापि सोलापुरातील यंत्रमाग कामगार किंवा हजार बिड्यांमागे मजुरी मिळविणारी विडी कामगार स्त्री यांचा प्रश्न तोच आहे. रक्कम कमी का आली, हे विचारायचे कोणाला?

निष्कर्ष :

१) सोलापूरच्या गिरण्यांतील पगार-कारकुनाची भूमिका नोंद ठेवणाऱ्यापासून कायद्याचा अर्थ सांगणाऱ्यापर्यंत विस्तारत गेली.
२) बहुभाषिक कामगारवर्गामुळे येथे संवादकौशल्य ही शोभेची नव्हे, तर न्यायाची पूर्वअट होती.
३) पगारपत्रक हा कामगाराच्या हक्काचा दस्तऐवज आहे. म्हणून बंद गिरण्यांचे हजेरीपट व वेतनवह्या रद्दीत न जाता जतन व्हाव्यात.
४) महाविद्यालयीन वाणिज्य अभ्यासक्रमात वेतन-हिशेब शिकविताना स्थानिक भाषांतून संवाद साधण्याचा सरावही द्यावा.

संगणकाला बेरीज चुकत नाही, हे खरे. परंतु कपातीचे कारण समजावून सांगणारा माणूस नसेल, तर कायद्याने दिलेली ‘बाजू मांडण्याची संधी’ कागदावरच राहील, असे या अभ्यासाअंती म्हणावेसे वाटते.